बर्फ वाहणाऱ्या पोराने कॉलेज सोडलं आणि गुरूने बोलणं सोडलं : रेड ग्रेंजची गोष्ट

तारीख २१ नोव्हेंबर १९२५. ठिकाण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. कॉलेज फुटबॉलची एक मॅच नुकतीच संपली होती. ८० हजारांहून जास्त लोकांसमोर इलिनॉय विद्यापीठाच्या टीमने ओहायो स्टेटला १४-९ असं हरवलं होतं.

पण स्कोअरकडे फार कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. इलिनॉयचा ७७ नंबरवाला पोरगा आता काय करणार?

मॅचनंतर त्या पोराने सांगून टाकलं, की तो कॉलेज सोडून पैशासाठी फुटबॉल खेळणार. त्याचा कोच बॉब झप्के त्याला टॅक्सीत घेऊन बसला आणि समजावत राहिला. फुटबॉल हा पैसे कमावण्याचा खेळ नाही, असं झप्केचं म्हणणं होतं. त्यावर पोराने साधा प्रश्न केला. फुटबॉल शिकवून पैसे कमावलेले चालतात, मग खेळून कमावलेले का चालत नाहीत?

झप्के पगारी कोच होता. त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पुढची काही वर्षं तो या पोराशी बोलला नाही.

पोराचं नाव हॅरोल्ड ग्रेंज. केस लालसर म्हणून सगळे त्याला रेड म्हणायचे. आज अमेरिकेत कॉलेजची पोरं जाहिरातींतून लाखो डॉलर कमावतात, जास्त पैसे देणाऱ्या कॉलेजकडे जातात आणि मग निष्ठा कुठे गेली म्हणून वाद होतो. तो वाद शंभर वर्षांपूर्वी या रेडच्या नावाने झाला होता.

आधी एक खुलासा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचं असतं, समोरचे अंगावर येऊन पाडतात, त्यांना चुकवत शेवटची रेषा गाठली की टचडाऊन होतो. आणि तिकडे या खेळाचं वेड कॉलेजपासून सुरू झालं. १९२० च्या दशकात तर कॉलेजचा फुटबॉल हाच खरा फुटबॉल होता. व्यावसायिक टीम होत्या, पण त्यांना फारशी इज्जत नव्हती. शिकागोत कॅपोनच्या टोळीत गेलो असतो तरी लोकांनी इतकी नावं ठेवली नसती, असं रेड पुढे सांगायचा.

रेडचा जन्म १३ जून १९०३ चा, पेनसिल्वेनियातल्या फोर्क्सव्हिल या छोट्या गावातला. वडील लाकूडतोडीच्या छावण्यांवर मुकादम होते. रेड पाच वर्षांचा असताना आई वारली. वडील मुलांना घेऊन इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावी आले आणि तिथे पोलीस झाले, पुढे गावाचे पोलीसप्रमुख. पगार बेताचा.

तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते. बर्फाच्या लाद्या गाडीवरून यायच्या आणि त्या खांद्यावर घेऊन लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवाव्या लागायच्या. शाळकरी रेड उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम करायचा. आठवड्याला ३७.५० डॉलर मिळायचे. एकदा त्याचा पाय बर्फाच्या गाडीच्या चाकाखाली आला. पाय कापावा लागतो की काय अशी वेळ होती, पण वाचला. देशभर नाव झाल्यावरही सुट्टीत तो बर्फाच्या गाडीवर जायचा. 'व्हीटनचा आइसमन' हे नाव त्याला तिथूनच चिकटलं.

१९२२ मध्ये तो इलिनॉय विद्यापीठात आला. तेव्हा तिथे खेळाडूंना खेळासाठी स्कॉलरशिप वगैरे मिळत नव्हती. रेडला खरं तर बास्केटबॉल खेळायचं होतं आणि पळायचं होतं. तो राहायचा तिथल्या सीनियर पोरांनी दम देऊन त्याला फुटबॉलच्या मैदानावर पाठवलं. (रॅगिंगमधून कधी काही चांगलं निघालं असेल तर ते एवढंच.)

मग आला १८ ऑक्टोबर १९२४. इलिनॉयचं नवं मेमोरियल स्टेडियम पहिल्या महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत बांधलेलं होतं. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर उभं राहिलेलं. त्याचा अर्पण सोहळा होता आणि समोर होती तगडी मिशिगन. सुमारे ६७ हजार लोक जमले होते.

मॅचची पहिलीच किक रेडच्या हातात आली. तो ९५ यार्ड पळाला आणि थेट टचडाऊन. मग ६७ यार्ड. मग ५६. मग ४४. पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाऊन! त्याला विश्रांतीसाठी बाहेर काढलं, परत आल्यावर त्याने पाचवा केला आणि सहाव्यासाठी पास दिला. इलिनॉय ३९, मिशिगन १४. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं 'गॅलपिंग घोस्ट', म्हणजे दौडणारं भूत. १९२५ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाविरुद्ध चिखलात त्याने ३६३ यार्ड काढले. त्याच महिन्यात, ५ ऑक्टोबरच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरही तो झळकला होता.

आता जरा हिशोब करू. स्टेडियम भरत होतं, तिकिटं विकली जात होती. पेपरचा खप वाढत होता. कोचला पगार होता. आणि ज्याला बघायला ही गर्दी यायची तो पोरगा घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत होता, आणि सुट्टीत बर्फ वाहत होता.

हा हिशोब सगळ्यांत आधी कळला सी. सी. पाइल नावाच्या माणसाला. पाइल इलिनॉयच्या परिसरात सिनेमा थिएटर चालवायचा. एके दिवशी रेड सिनेमा बघायला आला, तेव्हा पाइलने त्याला ऑफिसात बोलावलं आणि विचारलं, की एक लाख डॉलर कमवायला आवडतील का. फुटबॉलपटूला एजंट असतो ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती.

शेवटच्या सीझनमध्ये बातमी फुटली. रेडने करार केलाय अशी कुजबुज सुरू झाली. करार सिद्ध झाला असता तर तो कॉलेजकडून खेळायला अपात्र ठरला असता. आपण कशावरही सही केलेली नाही, असं तो सांगत राहिला. ते खरंही होतं, कारण सही झाली ती शेवटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी. तोंडी बोलणी मात्र आधीच झाली होती. म्हणजे कागदावर निष्ठा अबाधित होती. यात लबाडी होतीच. पण नियमच असे होते, की सरळ वागून त्याला एक डॉलरही मिळाला नसता.

ओहायोची मॅच शनिवारी झाली. रविवारी रेड शिकागो बेअर्स या व्यावसायिक टीमच्या बाकावर बसलेला दिसला. बेअर्सचा मालक जॉर्ज हॅलास हा झप्केचाच जुना विद्यार्थी! २६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, रेड पहिल्यांदा पैशासाठी मैदानात उतरला. मॅच ०-० सुटली, तरी ३६ हजार लोक आले होते. व्यावसायिक टीमना इतकी गर्दी बघायची सवयच नव्हती.

करार असा, की गेटचे निम्मे पैसे बेअर्सचे, निम्मे रेड आणि पाइलचे. साहजिकच पाइलने दौऱ्यामागून दौरे लावले. डिसेंबरमध्ये १२ दिवसांत ८ मॅच. न्यूयॉर्कमध्ये ६५ हजारांच्या वर लोक आले आणि आर्थिक गाळात गेलेली न्यूयॉर्क जायंट्स टीम त्या एका दिवसाने तरली. पुढे फ्लोरिडा, लॉस एंजेलिस, सिअॅटल. ६७ दिवसांत एकूण १९ मॅच.

आणि जाहिराती! स्वेटर, बूट, टोप्या, शीतपेय, रेड ग्रेंजच्या बाहुल्या. पाइल त्याचं नाव जमेल त्या वस्तूवर लावायला देत होता. १९२६ मध्ये 'वन मिनिट टू प्ले' हा सिनेमा आला, त्यात रेडच हिरो. तो काढणाऱ्या कंपनीमागे जोसेफ केनेडी होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे वडील. काही महिन्यांत रेडची कमाई लाखाच्या घरात गेली.

किंमत त्यानेही मोजली. बोस्टनमध्ये थकलेला रेड चालला नाही, तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली. कॉलेजात असताना ज्याला डोक्यावर घेतलं होतं, त्याच्याकडून लोक आता तिकिटाची वसुली मागत होते. पिट्सबर्गमध्ये हात दुखावला. डेट्रॉइटला तो खेळणार नाही म्हटल्यावर लोकांनी पैसे परत मागितले.

कॉलेजवाले संतापले होतेच. त्यांना शांत करायला एनएफएलने १९२६ मध्ये नियमच केला, की ज्याची बॅच अजून पदवी घेऊन बाहेर पडलेली नाही, त्या खेळाडूला कुठल्याही टीमने घ्यायचं नाही. लोक त्याला 'ग्रेंज नियम' म्हणू लागले. म्हणजे रेडमुळे ज्यांचं उखळ पांढरं झालं, त्यांनीच त्याच्यामागचा दरवाजा लावून घेतला.

मग निष्ठेचा प्रश्न बेअर्सपुढेही आला. पाइलने पगाराबरोबर टीमची एक तृतीयांश मालकी मागितली. हॅलासने नकार दिला. पाइल आणि रेडने सरळ वेगळी लीगच काढली. ती एका सीझनमध्ये बंद पडली. त्यांची न्यूयॉर्क यांकीज टीम १९२७ मध्ये एनएफएलमध्ये आली आणि बेअर्सविरुद्धच्याच मॅचमध्ये रेडचा गुडघा गेला. १९२८ चं वर्ष बसून काढावं लागलं. पाइल दुसऱ्या उद्योगांना लागला, त्याने अमेरिका आडवी पळत पार करण्याची शर्यत भरवली.

१९२९ मध्ये रेडला परत घेतलं ते हॅलासनेच. पळण्यातली जादू गेली होती, पण रेड आता अडवणारा म्हणून उभा राहिला. १९३२ ची निर्णायक मॅच थंडीमुळे बंदिस्त हॉलमध्ये खेळवली गेली, तिचा विजयी टचडाऊन रेडने पकडला. १९३४ पर्यंत तो बेअर्सकडेच राहिला. नंतर विमा व्यवसाय केला, रेडिओ आणि टीव्हीवर कॉमेंट्री केली. झप्केशीही पुन्हा बोलणं सुरू झालं.

रेड २८ जानेवारी १९९१ ला फ्लोरिडात वारला. कॉलेजच्या खेळाडूने आपल्या नावाचे पैसे घेऊ नयेत, हा नियम तेव्हाही जिवंत होता. तो सुटला १ जुलै २०२१ ला. त्या दिवसापासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना आपलं नाव, फोटो आणि ओळख वापरून कमावता येऊ लागलं. माजी विद्यार्थी आणि श्रीमंत चाहते निधी उभारून पोरांशी करार करू लागले. त्याच सुमारास कॉलेज बदलण्याचे नियमही सैल झाले. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा वर्षभर बाहेर बसावं लागायचं, ती अट गेली. आता सीझन संपला की हजारो खेळाडू बदलीच्या यादीत नाव टाकतात. २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःही खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

यामुळे दरवर्षी टीम नव्याने बांधावी लागते, चाहत्यांना आपल्याच पोरांची नावं पाठ होत नाहीत, अशी तक्रार आहे. ती खोटी नाही. पण जास्त पगारासाठी सीझन संपायच्या आत दुसऱ्या कॉलेजात जाणारे कोच तिथे वर्षानुवर्षं होते, आणि त्यांना वर्षभर बाहेर बसा असं कुणी सांगितलं नव्हतं.

रेडच्या बाबतीत फरक एवढाच, की त्याने दुसरं कॉलेज कधी गाठलं नाही. तो खेळला ते इलिनॉयसाठी, शेवटच्या मॅचच्या शेवटच्या मिनिटापर्यंत. डिग्री न घेता गेलेल्या या पोराला लोकांनी पुढे त्याच विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर निवडून दिलं, १९५१ ते १९५५ तो तिथे होता. मेमोरियल स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. आणि इलिनॉयच्या फुटबॉल टीममध्ये ७७ नंबरची जर्सी आजही कुणाला देत नाहीत.