गिऱ्हाईक फिरले, बाबासाहेब खचले नाहीत!

आमचा एखादा तरुण नोकरीची वाट पाहणे सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करतो. कोणी कर सल्लागार होतो, कोणी वकिलीची पाटी लावतो, कोणी संगणक दुरुस्तीचे दुकान टाकतो, कोणी घरी बसून हिशेब लिहिण्याची कामे घेतो. पहिले दोन-तीन महिने बरे जातात. मग पाटीवरचे आडनाव वाचून किंवा भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहून एखादे गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरते. दुसरे ठरलेले काम कारण न सांगता काढून घेते. आणि हा तरुण रात्री स्वतःलाच विचारू लागतो, आपल्यातच काही कमी आहे काय? धंदा करणे आपल्या लोकांना जमतच नाही काय? भांडवलाच्या टंचाईपेक्षा ही शंका अधिक घातक आहे असे आम्हाला वाटते. भांडवल कर्जाने उभे राहू शकते. स्वतःवरचा विश्वास कोणतीही बँक कर्जाऊ देत नाही.

अशा तरुणांपुढे आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील एक पान उघडू इच्छितो. महाडचा सत्याग्रह, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे सारे समाजाला तोंडपाठ आहे. परंतु १९१७ ते १९२८ या काळात घर चालविण्यासाठी स्वतःच्या हिमतीवर धडपडणारे बाबासाहेब आमच्या भाषणांतून क्वचितच भेटतात.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये शिकलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस परतले. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथे शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकीत. राहायला घर मिळेना, म्हणून एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास या विद्वानाने एका सार्वजनिक बागेत बसून काढले. पुढे अनेक वर्षांनी ही हकीकत लिहितानाही, आठवण झाली की डोळ्यांत पाणी येते असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. बाबासाहेब दगडाचे नव्हते, हे आमच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे. जखम त्यांनाही होत होती.

मुंबईस परतल्यावर घर चालवायचे कसे? त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या. शेअर आणि रोखे यांचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्यासाठी त्यांनी स्वतःची पेढीही काढली. अर्थशास्त्राच्या पदवीधराने अर्थव्यवहाराचा सल्ला द्यावा, यापेक्षा सरळ व्यवसाय तो कोणता? सुरुवातीला गिऱ्हाईक आलेही. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरले आणि पेढी बंद करावी लागली.

इथे आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. सल्ला चुकला म्हणून ही पेढी बुडाली नाही. सल्ला तोच होता, देणाराही तोच होता, फक्त त्याची जात कळली होती. ज्याचा सल्ला मुंबईच्या बाजाराने नाकारला, त्याच माणसाचा भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा अभ्यासपूर्ण निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच माणसाचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनहून निघाला, आणि १९२५ च्या डिसेंबरात हिंदी चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. आता सांगा, कमी कोणाच्यात होते? बाबासाहेबांच्या बुद्धीत, की त्या गिऱ्हाइकांच्या नजरेत?

मात्र केवळ बाजाराला दोष देऊन ते स्वस्थ बसले नाहीत, ही दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी विटाळ मानला. विद्यार्थी मात्र त्यांच्या व्यासंगाने भारावून गेले. पगारातून काटकसर करून त्यांनी पैसे साठविले. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले होते, ते पूर्ण करायचे होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने पैसे घेतले आणि ते पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाईने हालअपेष्टांत संसार रेटला. मित्राची मदत घेताना बाबासाहेबांना कमीपणा वाटला नाही, कारण ती मदत शिक्षणासाठी होती.

१९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीची सनद काढायलाही हाताशी पैसा नव्हता. पुन्हा भथेनाच धावून आले. जुलै १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. परंतु बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरमार्फत, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे फिरकत नसत. तेव्हा त्यांनी मोठ्या खटल्यांची वाट पाहत बसण्याऐवजी मुफस्सल न्यायालयांतील लहानसहान कामे घेतली. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय होते आणि बिऱ्हाड जवळच्याच चाळीत. गरिबांचे खटले ते फी न घेताही चालवीत. घरखर्चाला हातभार म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. इतक्या पदव्या घेऊन शिकवणीवजा काम कसे करू, अशी लाज त्यांनी बाळगली नाही.

१९२६ हे वर्ष पाहा. जुलैमध्ये त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याच वर्षी ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून भरलेल्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीतील बागडे, जेधे आणि जवळकर यांच्या बाजूने ते पुण्यात उभे राहिले. समोर भोपटकरांसारखे नावाजलेले वकील होते. बाबासाहेबांनी अपिलात आपल्या पक्षकारांना सोडविले आणि वकील म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. जात तीच राहिली. लोकांना त्यांचे काम मात्र नाकारता येईना.

या स्वतंत्र व्यवसायाने समाजाला काय दिले? सरकारी चाकरीत अडकलेल्या माणसाला १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा उभारता आली नसती, की १९२७ साली चवदार तळ्यावर जाता आले नसते. त्या तळ्याचा दावा वर्षानुवर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात आमचा विजय झाला. स्वतःच्या कमाईवर उभा राहिलेला माणूसच समाजासाठी ताठ उभा राहू शकला.

आमच्या तरुणांनी यातून एक गोष्ट शिकावी. मनात येणारी शंका दोन प्रकारची असते. एक कामाविषयीची असते. हिशेब नीट येतो का, दिलेली वेळ पाळतो का, नवा कायदा वाचला का? ही शंका उपयोगाची आहे. ती अभ्यासाने फेडायची. बाबासाहेबांनी अर्धवट शिक्षण पुरे करून ती फेडली. दुसरी शंका स्वतःच्या लायकीविषयीची. ही शंका आमची नव्हेच. शूद्राने धन साठवू नये असे शिकविणाऱ्या मनुस्मृतीने ती पिढ्यान् पिढ्या आमच्या डोक्यात भरली आहे. तिच्यावर विचार करीत रात्री जागवायच्या नसतात. ज्यांनी दिली त्यांना ती परत करायची असते.

आणि समाजबांधवांनो, एक प्रश्न आम्हालाही विचारून घ्यावा लागेल. परके गिऱ्हाईक आडनाव पाहून फिरते, याचा आम्हाला संताप येतो. पण आमच्याच वस्तीतील तरुणाने दुकान टाकले, तर आम्ही त्याच्याकडे जातो काय? गेलोच तर घरचा माणूस म्हणून उधारी मागतो, की रोख पैसे मोजतो? बाबासाहेबांच्या पाठीशी भथेना उभे राहिले. आमच्या मुलांचे भथेना आम्हीच व्हायला नको काय?

जय भीम!