टॉर्क कन्व्हर्टर शोधणाऱ्याच्या डोक्यात गाडी नव्हतीच!

राजकमल चौकातल्या गर्दीत ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून उभी आहे. गिअर ‘डी’मध्ये आहे, इंजिन चालू आहे, तरी ते बंद पडत नाही. मग इंजिन आणि चाकांच्या मध्ये नेमकं काय आहे? टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत उत्तर आहे: तेल. आणि ही आयडिया ज्यांना सुचली, ते हेर्मान फॉटिंगर जहाजं बनवत होते.

फॉटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ चा, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा. म्युनिकला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून १८९९ मध्ये ते श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत नोकरीला लागले. तिथे एक अडचण होती. स्टीम टर्बाईन वेगात फिरली तरच नीट काम करते आणि जहाजाचा पंखा हळू फिरला तरच पाणी नीट ढकलतो. एवढी ताकद पेलणारे भरवशाचे गिअर तेव्हा नव्हते.

फॉटिंगर यांनी आधी विजेचा मार्ग बघितला. मग त्यांनी पंप आणि टर्बाईन एकाच डब्यात समोरासमोर बसवले. पंप द्रव फेकतो, त्या धारेने टर्बाईन फिरते. घरातल्या चालू टेबलफॅनसमोर बंद फॅन ठेवला की तोही फिरू लागतो, तसंच. मध्ये स्थिर पाती बसवली, म्हणजे आजचा स्टेटर, की धारेची दिशा वळते आणि टॉर्क वाढतो. १९०५ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं.

१९०९ मध्ये ते डान्झिगला प्राध्यापक झाले. १९१३ च्या ‘क्योनिगिन लुईझे’ या जहाजात त्यांचं यंत्र बसलं. पण तोवर गिअर सुधारले होते. त्यांच्यात ताकद कमी वाया जायची, म्हणून जहाजांनी फॉटिंगर यांचा शोध बाजूला ठेवला. १९२४ पासून ते बर्लिनला शिकवू लागले. एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिनच्या लढाईत, तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला. टॉर्क कन्व्हर्टरवाली ब्युइक डायनाफ्लो बाजारात आली १९४८ मध्ये. ती बघायला ते नव्हते.

आपल्या भागाशीही याचं नातं आहे. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ १९९४ मध्ये वाफेवरून डिझेलवर आली. चित्तरंजनला बनलेली नॅरोगेज डिझेल इंजिनं हायड्रॉलिक ट्रान्समिशनची, म्हणजे याच कुळातली.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. इंजिनची पॉवर वाढवली की पोरं ‘जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर टाक’ म्हणतात. स्टॉल म्हणजे चाकं थांबलेली असताना इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमपर्यंत चढू शकतं तो आकडा. तो इंजिनच्या टॉर्कशी जुळला की गाडी जोरात उठते. पण समजा स्टॉल ३,५०० चा आहे आणि हायवेला तुमचं इंजिन २,२०० वर चालतं. मग लॉकअप क्लच लागलेला नसताना कन्व्हर्टर सतत घसरतो, मायलेज पडतं आणि घसरण्यातली ताकद उष्णता होऊन तेलात जाते. अकोल्याच्या मे महिन्यात ते तेल आधीच तापलेलं असतं. म्हणून रोजच्या गाडीला स्टॉल क्रूझिंग आरपीएमच्या खालीच ठेवा. थोडा वाढवायचाच असेल तर सोबत ट्रान्समिशन ऑइल कूलर हवाच.

आणि खर्च करण्याआधी गाडीचा गिअरबॉक्स कोणता ते बघा. एएमटी असेल तर त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, साधा क्लच असतो.

एक बाजू वेगात, दुसरी हळू, आणि मधला दुवा दोघांना जुळला पाहिजे. फॉटिंगर यांच्यासमोर श्टेटिनच्या गोदीत हाच प्रश्न होता. कन्व्हर्टर निवडताना तुमच्यासमोरही तोच आहे.