उन्हाची वाट पाहणारे छायाचित्रकार : राजा दीनदयाळ

या अंकात आम्ही ज्यांचा परिचय करून देत आहोत, त्या राजा दीनदयाळ यांना सारे जग हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार म्हणून ओळखते. पण त्यांनी कॅमेरा हाती धरला तो आपल्या इंदुरात, हे पुष्कळ इंदूरकरांनाही ठाऊक नसते. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या लेखणीतून आधी ‘दीनदयाल’च उतरते. मराठीच्या वळणाने येथे ‘दीनदयाळ’ लिहिले आहे.)

त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाले. काम होते बांधकामाचे अंदाजपत्रक करण्याचे आणि नकाशे काढण्याचे. छायाचित्रणाची ओढ लागली ती नोकरीत असतानाच. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली या दोघांनी त्यांना उत्तेजन दिले. १८७५-७६ साली इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले, तेव्हा त्या दौऱ्याची छायाचित्रे घेण्याचा मानही त्यांना मिळाला.

आजच्या मुलांना त्या काळच्या कामाची कल्पना येणे कठीण आहे. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायचे. विजेचा दिवा नव्हता. उजेड फक्त सूर्याचा. कागदावर छापही उन्हातच उमटवावा लागे. काच आणि कागद एका चौकटीत बसवून ती चौकट उन्हात ठेवत, म्हणून जेवढी काच तेवढेच चित्र. पुढे कोरड्या काचा आल्या आणि तंबूचा व्याप सुटला, पण ऊन काही कोणाच्या हाती आले नाही.

शिवाय त्या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग ती चटकन टिपे, तांबडा जवळजवळ टिपतच नसे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येई आणि तांबूस दगड काळवंडे. आता ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील मान मंदिर डोळ्यांसमोर आणा. त्याची उंच दर्शनी भिंत पूर्वेकडे, कड्यावर उभी आहे. तिच्यावर निळ्या फरशांची नक्षी आहे. ऊन अगदी समोरून पडले की भिंत सपाट दिसते. सूर्य चढून ऊन भिंतीला घासून जाऊ लागले की प्रत्येक बुरूज, प्रत्येक कोनाडा आपली सावली टाकतो आणि दगडाची खोली समजते. ती वेळ रोज थोडाच काळ टिकते, ऋतूप्रमाणे बदलतेही. ढग आला की त्या दिवसाचे काम बुडाले.

सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ मध्य भारतात हिंडले. त्यांच्या छायाचित्रांसह ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. राजेरजवाड्यांच्या तसबिरींपेक्षा ही वास्तुचित्रे आम्हांला अधिक मोलाची वाटतात. उभ्या रेषा सरळ, सावल्या नेमक्या, उगाच काही नाही. नकाशे काढणाऱ्याचा डोळा त्यांत दिसतो.

पालकांनी लक्षात घ्यावे की हे गृहस्थ तेव्हा चाळिशी ओलांडलेले, कुटुंबवत्सल आणि पक्क्या सरकारी नोकरीत होते. ती नोकरी त्यांनी सोडली. त्या काळी घरच्यांना, सोयऱ्यांना हे किती रुचले असेल याचा विचार ज्याने त्याने करावा! सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. सिकंदराबादला स्टुडिओ निघाला, १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ झाला. तेथे काम पाहणारी एक इंग्रज बाई होती. १८९६ साली मुंबईतही शाखा उघडली. निजामांनी त्यांना ‘राजा’ आणि ‘मुसव्विर जंग’ हे किताब दिले. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. १९०५ साली ते निवर्तले.

त्यांच्या अडीच हजारांहून अधिक मूळ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. २००६ साली टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीटही काढले. आपल्यापैकी अनेक घराणी होळकरांच्या काळापासून येथे आहेत. घरच्या जुन्या पेटीत एखादी तसबीर असेल, तर तिच्या पुठ्ठ्यावर दीनदयाळ यांच्या स्टुडिओचे नाव छापले आहे का ते पाहावे आणि असल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे. तसबीर मात्र उन्हात ठेवू नये, जुना छाप उन्हाने फिका पडतो.