काउंट झिंझेंडॉर्फ व हेर्नहूटची मंडळी

काउंट झिंझेंडॉर्फ हा मिशनकार्याचा एक आद्य पुरस्कर्ता म्हणून आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु ते कार्य उभे राहण्यापूर्वी, कलहाने फुटू लागलेली एक लहानशी मंडळी त्याला सांधावी लागली. त्याच्या चरित्रातील हा भाग खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस विशेष बोधप्रद आहे, असे समजून आम्ही तो येथे देतो.

निकोलस लुडविग झिंझेंडॉर्फ याचा जन्म जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी २६ मे १७०० रोजी एका सरदार घराण्यात झाला. तो काही आठवड्यांचा असतानाच त्याचा पिता वारला, व त्याच्या धर्मशील आजीने त्याचे संगोपन केले. हाले व विटेनबर्ग येथे शिक्षण झाल्यावर त्याने ड्रेस्डेन येथे सरकारी नोकरी पत्करली, आणि १७२२ साली आजीकडून बर्थेल्सडॉर्फची जहागीर विकत घेतली. त्याच वर्षी ख्रिश्चन डेव्हिड नामक सुताराच्या साहाय्याने काही कुटुंबे धर्मछळास कंटाळून मोराव्हियातून तेथे आली. काउंटाने त्यांस आश्रय दिला. त्यांनी रान तोडून जी वस्ती वसविली, तिचे नाव हेर्नहूट, म्हणजे प्रभूची राखण, असे पडले.

पाच वर्षांत वस्ती सुमारे तीनशे माणसांची झाली. कोणी जुन्या मोराव्हियन परंपरेचे, कोणी लूथरन, कोणी आणखी निराळ्या मताचे. ज्यांनी विश्वासास्तव घरदार सोडले होते, तेच आता उपासनेच्या रीतींवरून एकमेकांस टाळू लागले. एका उपदेशकाने तर आश्रयदात्या काउंटालाच प्रकटीकरणातील श्वापद ठरविले. आणि खुद्द ख्रिश्चन डेव्हिडही काही काळ त्याच्या नादी लागला.

जमीन काउंटाची होती. विरोधकांस हाकलून देणे त्यास कठीण नव्हते. त्याने तसे केले नाही. १७२७ साली ड्रेस्डेनचे काम सोडून तो हेर्नहूटला राहावयास आला, आणि घरोघर जाऊन प्रत्येकाचे गाऱ्हाणे ऐकू लागला. १२ मे रोजी सर्वांस जमवून त्याने फुटीचे पाप स्पष्टपणे दाखविले, व बंधुभावाने राहण्याचे नियम त्यांच्यापुढे मांडले. लोकांनी ते पाळण्याचे वचन दिले व बारा वडील निवडले. पुढे लहान लहान गट करून ते एकमेकांजवळ आपले दोष कबूल करू लागले व एकमेकांसाठी प्रार्थना करू लागले.

१३ ऑगस्ट १७२७ रोजी बर्थेल्सडॉर्फच्या मंदिरात सर्वांनी मिळून प्रभुभोजन घेतले. त्या वेळी त्यांची अंतःकरणे विरघळली आणि जुनी वैरे मिटली. त्याच महिन्यात चोवीस पुरुष व चोवीस स्त्रिया यांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना आरंभिली. ती शंभराहून अधिक वर्षे चालली.

ह्या ऐक्याचे फळ लवकरच दिसून आले. १७३२ साली डोबर हा कुंभार व निट्शमान हा सुतार सेंट थॉमस बेटावरील गुलामांकडे सुवार्ता घेऊन गेले. १७३३ साली दुसरे बंधु ग्रीनलंडास गेले. मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा आधार नसता, तर असे गरीब कारागीर इतके दूर कसे टिकते?

काउंट निर्दोष होता असे नाही. पुढे मंडळीत भावनेचा अतिरेक माजला, त्यास त्याची शिकवण काही अंशी कारण झाली. नंतर त्यानेच त्यास आळा घातला. १७३६ साली त्यास सॅक्सनीतून हद्दपार व्हावे लागले. १७४२ साली पेनसिल्व्हेनियात निरनिराळ्या पंथांच्या जर्मन ख्रिस्ती लोकांस एकत्र आणण्याचा त्याचा यत्न निष्फळ झाला. ९ मे १७६० रोजी हेर्नहूट येथे तो प्रभूमध्ये निद्रिस्त झाला. त्याच वर्षी त्याच्या मंडळीचे बंधु आपल्या हिंदुस्थानात तरंगमबाडी येथे येऊन पोहोचले.

प्रिय बंधुभगिनींनो, हेर्नहूटचे लोक एकाच मताचे झाले म्हणून त्यांचे ऐक्य झाले नाही. एकाने मान बाजूला ठेवून दुसऱ्याचा उंबरठा ओलांडला, तेव्हा त्याचा आरंभ झाला. ज्या मंडळीत दोन घरे एकमेकांशी बोलत नाहीत, तेथे प्रभुभोजनाच्या दिवसाची वाट न पाहता आजच कोणी तरी तो उंबरठा ओलांडावा, अशी आमची विनंती आहे.