पायाखालची ऊब : वास्तुकार फ्रँक लॉइड राईट



आपल्याकडे उन्हाळ्यात फरशीवर झोपलं की बरं वाटतं. पण जिथे हिवाळ्यात बाहेर बर्फाचे ढीग साचतात, तिथे हीच फरशी पायांना चावते. ती फरशीच उबदार करता येईल का? या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी घराघरांत नेण्याचा प्रयत्न केला, त्या अमेरिकन वास्तुकाराची ही ओळख.

फ्रँक लॉइड राईट यांचा जन्म ८ जून १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील रिचलँड सेंटर येथे झाला. आई ॲना शिक्षिका होती. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तिने फ्रोबेलच्या बालवाडीचे लाकडी ठोकळे पाहिले आणि मुलासाठी आणले. फ्रोबेल म्हणजे डी.एड.ला आपण सर्वांनी अभ्यासलेला तोच बालवाडीचा जनक! चौकटी आखलेल्या टेबलावर घन, गोल, त्रिकोण मांडत फ्रँक आकारांशी खेळला. त्या ठोकळ्यांचा स्पर्श बोटांत कायम राहिला, असं ते म्हातारपणीही सांगत. पुढे आईवडिलांचा घटस्फोट झाला. विद्यापीठात ते थोडाच काळ शिकले, पदवी घेतली नाही. १८८७ मध्ये शिकागो गाठलं आणि लुई सलिव्हन यांच्या हाताखाली काम शिकले.

त्यांचं आयुष्य सरळ नव्हतं. १९०९ मध्ये पत्नी आणि सहा मुलांना सोडून ते युरोपला गेले. १९१४ मध्ये त्यांच्या टॅलीसिन या घरात एका नोकराने आग लावून सात जणांचा जीव घेतला. मुलांना चरित्र सांगताना माणूस देव्हाऱ्यात बसवू नये. चुका आणि दुःखं यांच्यासकट तो सांगावा, असं मला वाटतं.

टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी ते जपानला गेले. तिथे हिवाळ्यात एकदा ओकुरा नावाच्या श्रीमंत यजमानांकडे जेवायला गेले होते. जेवणाची खोली गारठलेली. जेवण झाल्यावर यजमान सर्वांना दुसऱ्या खोलीत घेऊन गेले आणि तिथे एकदम वसंत ऋतू आल्यासारखं वाटलं. शेगडी कुठेच दिसेना! ती कोरियन पद्धतीची खोली होती. कोरियात पूर्वी चुलीचा गरम धूर जमिनीखालच्या पोकळीतून फिरवत आणि वरची दगडी जमीन तापत असे. या पद्धतीला ओंडोल म्हणतात. शोध राईट यांचा नव्हता, तो कोरियन लोकांचा फार जुना शोध. पण चांगली गोष्ट दिसली की ती ओळखणं आणि जपून ठेवणं, हेही शिक्षणच नाही का?

ती आठवण पुढे कामी आली. विस्कॉन्सिनमधल्याच रसीन गावी जॉन्सन वॅक्स कंपनीची इमारत १९३६ ते १९३९ या काळात उभी राहिली. तिच्या प्रचंड मोठ्या कामाच्या दालनात जमिनीखाली नळ्या घातल्या. मॅडिसन येथे १९३७ मध्ये पत्रकार हर्बर्ट जेकब्स यांच्यासाठी साधं घर बांधलं. वास्तुकाराच्या मेहनतान्यासह खर्च सुमारे ५५०० डॉलर. तिथेही काँक्रीटच्या जमिनीखाली नळ्या होत्या. या घराचा नकाशा दोन बाय चार फुटांच्या चौकटींवर आखला होता. फ्रोबेलचं टेबल आठवलं ना?

यामागचं विज्ञान सोपं आहे. हवा तापली की वर जाते. कोपऱ्यात हीटर ठेवला तर छत गरम आणि पाय गार राहतात. पूर्ण जमीन मंद तापवली तर ऊब माणूस जिथे वावरतो तिथेच मिळते.

खरी कसोटी आखणीची. समजा, थंड प्रदेशातल्या एका वर्कशॉपची जमीन तापवायची आहे. उष्णता सर्वात जास्त कुठून निसटते? बाहेरच्या भिंती आणि मोठ्या दारापाशी. म्हणून गरम पाणी आधी तिकडे न्यायचं, तिथे नळ्या जवळजवळ आणि मध्यभागी थोड्या विरळ. जड यंत्राचे बोल्ट जिथे ठोकायचे ती जागा मोकळी सोडायची, नाहीतर ड्रिलने नळीच फुटेल. एकाच लांब नळीत पाणी शेवटी निवतं, म्हणून अनेक छोटे फेरे करायचे. खाली उष्णतारोधक थर हवा, कारण ऊब मातीत जिरून उपयोग नाही. काँक्रीट ओतण्याआधी नळ्यांत दाब देऊन गळती तपासायची. एकदा काँक्रीट ओतलं की खोडरबर चालत नाही!

राईट यांचं निधन ९ एप्रिल १९५९ रोजी झालं. जेकब्स यांचं ते छोटं घर २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आता एक उपक्रम. इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांना चौकटीच्या वहीत वर्कशॉप काढायला सांगा. दार, भिंती, यंत्रांच्या जागा दाखवा आणि सुतळीने नळीची वाट मांडू द्या. सुतळी स्वतःला ओलांडणार नाही आणि यंत्राखालून जाणार नाही, एवढाच नियम. क्षेत्रफळ, लांबी आणि उष्णता हे तिन्ही विषय एका तासात येतील. पालकांनो, घरी ठोकळ्यांचा पसारा दिसला तर लगेच आवरायला लावू नका. मूल कदाचित काहीतरी आखत असेल.