उभं विमान उलटलं, तेव्हा...

हँडब्रेक न लावता गाडी सोडलीय कधी? मग ऑर्व्हिल राइटची हळहळ तुम्हाला कळेल. 1871 साली अमेरिकेत, डेटनला जन्मलेल्या या पठ्ठ्याने शाळाही पुरी केली नाही. भाऊ विल्बरसोबत सायकलचं दुकान चालवता चालवता दोघांनी विमान बनवलं. 17 डिसेंबर 1903ला ऑर्व्हिल 12 सेकंद उडाला, नंतर विल्बर 59 सेकंद. उड्डाणं संपली, विमान जमिनीवर उभं. त्याला चाकंच नव्हती, ब्रेक कुठला? वाऱ्याने ते उलटवून मोडलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही. तुकडे खोक्यांत भरून दोघे घरी परतले आणि 1904मध्ये दुसरं विमान उडवलं! 1912मध्ये विल्बर टायफॉइडने गेला. ऑर्व्हिल 1948पर्यंत जगला. सबमिशनच्या आदल्या दिवशी तुमचा प्रोजेक्ट बिघडला, तर ती खोकी आठवा.