ओढा विसरलेला नकाशा आणि पॅट्रिक गेडिस

सेकंड इयरच्या सुट्टीत मी मोठ्या हौसेने आमच्या गावाचा नकाशा काढला. शहर आता वेशीपर्यंत आलंय. शिवारात चुन्याच्या फक्क्या पडल्यात, एन.ए. प्लॉटिंगचे बोर्ड लागलेत, एजंट लोकांच्या गाड्या बांधापर्यंत येतात. म्हटलं, आपण सिव्हिलवाले, आपणच गावाचं नियोजन करू! सरळ रस्ते, काटकोनातले चौक, मधोमध बाग. वडिलांनी नकाशा बघितला आणि एवढंच विचारलं, की ओढा कुठाय? मी ओढ्यावरूनच साठ फुटी रस्ता नेला होता.

पुढे सेमिनारसाठी वाचताना पॅट्रिक गेडिस भेटला, आणि माझी चूक शंभर वर्षं जुनी आहे हे कळलं.

मित्रांनो, या माणसाकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्म, लंडनला थॉमस हक्सलेच्या हाताखाली जीवशास्त्राचं शिक्षण. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेला असताना त्याची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत बसून तो खिडकीच्या चौकटी हाताने चाचपायचा. त्यावरून त्याला कागदाच्या घड्या घालून चौकोनांत विचार मांडायची युक्ती सुचली. दृष्टी परत आली, पण मायक्रोस्कोपवर तासन् तास काम करणं जमेना. मग त्याने मोठ्या जिवाकडे नजर वळवली. तो जीव म्हणजे शहर!

१८८६ साली लग्न झालं आणि तो बायकोला, ॲनाला, घेऊन एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेला. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन घरं दुरुस्त केली, मोकळ्या तुकड्यांवर बागा लावल्या. सगळं पाडून नवं बांधण्यापेक्षा नेमकं सडलेलं तेवढंच काढायचं, ही त्याची पद्धत इथेच तयार झाली. १८९२ मध्ये त्याने तिथला एक मनोरा घेतला. पाहुण्यांना आधी गच्चीवर नेऊन शहर आणि आजूबाजूचा मुलूख दाखवायचा, मग एकेक मजला खाली उतरत शहर, देश, जग समजावून सांगायचा.

आपल्या दृष्टीने त्याची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दरीचा छेद. डोंगरापासून समुद्रापर्यंत एक रेघ ओढा. वर खाणकामगार आणि लाकूडतोडे, मग मेंढपाळ, मग शेतकरी, शेवटी कोळी. शहर या साखळीतूनच उभं राहतं. म्हणून नियोजनाचं एकक शहराची हद्द नव्हे, तर नदीचं सगळं खोरं. १९१५ च्या पुस्तकात त्याने एकमेकांत मिसळत गेलेल्या शहरांसाठी 'कॉनर्बेशन' हा शब्द बनवला. गावांना गिळत पसरणारं शहर त्याला नको होतं. शहराच्या वाढीत शेतं आणि हिरवळ आतपर्यंत शिरली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं.

१९१४ मध्ये त्याचं शहरांवरचं प्रदर्शन भारताकडे निघालं आणि महायुद्धात 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाजच बुडवलं. पठ्ठ्याने पुन्हा नकाशे, चित्रं गोळा केली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलं! त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. गेडिस मात्र कायद्याचं पुस्तक घेऊन बसला नाही. तो गावोगाव पायी हिंडला. आधी सर्वेक्षण, मगच आराखडा, हा त्याचा नियम. मलेरियाच्या भीतीने तळी बुजवायला निघालेल्यांना त्याने सांगितलं, की तळ्यात मासे आणि बदकं सोडा, डासांच्या अळ्या ती खातील.

इंदूरची गोष्ट तर भारीच. शहरात प्लेगची साथ. गेडिसने होळकरांकडून एका दिवसाचा कारभार मागून घेतला आणि जाहीर केलं, की जे रस्ते सगळ्यात स्वच्छ, त्यांवरूनच दिवाळीची मिरवणूक जाईल. लोकांनी घरं, गल्ल्या घासूनपुसून काढल्या. १९१८ मध्ये त्याचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल निघाला. पण आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, मोठा मुलगा फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला होता आणि ॲना कलकत्त्यात आजाराने गेली होती. तरी माणूस काम करत राहिला.

१९१९ पासून काही वर्षं तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. पुढे नावारूपाला आलेले गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. १९२५ मध्ये त्याने तेल अविवचा आराखडा केला. १९३२ साली फ्रान्समध्ये मॉन्पेलिये इथे तो वारला. त्याचे कितीतरी अहवाल अमलात आलेच नाहीत, हेही खरं.

या दिवाळीत मी टेप आणि वही घेऊन शिवार फिरलो, वडील पुढे. ओढा, सात विहिरी, पाणंद, पावसाळ्यात पाणी साचतं ती पट्टी, सगळं मोजून मांडलं. आपल्याकडे १९६६ च्या कायद्यानुसार प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना देता येतात. आमच्या भागाचा आराखडा लागलाय, आणि त्यातही ओढ्यावर रस्ताच आहे! माझ्या नकाशासकट गावाने हरकत दिली आहे. निकाल अजून नाही. पण या वेळी वडिलांना काही विचारावं लागलं नाही. ओढा होता तिथेच होता.